इश्यू : निल

२३ ऑगस्ट १९७६, सोमवार

ही डायरी एका पुस्तकविक्रेत्यानं जानेवारीत कॉलेजच्या ग्रंथालयाला भेट दिली होती. कोणी वापरली नाही म्हणून मी घरी आणली आणि मीही वापरली नाही. मी काही रोज लिहिणारा माणूस नाही. पण आजची गोष्ट कोणाला सांगता येत नाही आणि पोटात ठेवून झोपही येणार नाही.

माझ्या बायकोला, जयवंताला, बाईडॉक्टरनी दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं की तुमच्यात काही दोष नाही, आता यजमानांना तपासून घ्या. आज जातो, उद्या जातो करत मी दोन वर्षं काढली. शेवटी गेल्या आठवड्यात तिला न सांगता धंतोलीत एका डॉक्टरांकडे गेलो. आज रिपोर्ट मिळाला. इंग्रजीत टाइप केलेला, चार ओळींचा. शेवटच्या रकान्यात ‘निल’.

डॉक्टर वयस्क होते, बोलायला सभ्य. लहानपणी गालगुंड झालं होतं का म्हणून विचारलं. झालं होतं, सोळाव्या वर्षी, मॅट्रिकच्या आधी. पंधरा दिवस अंथरुणावर होतो. ते म्हणाले, “त्याचाच परिणाम. तुम्हाला इश्यू होणं शक्य नाही. औषधांच्या मागे लागू नका.” मी उठलो तेव्हा म्हणाले, “मिसेसना सांगा. एकट्यानं मनात ठेवू नका.”

इश्यू. हा शब्द मी दिवसातून शंभर वेळा बोलतो. माझी जागाच इश्यू काउंटरवर आहे. मुलं म्हणतात, सर, हे इश्यू करा ना; मी कार्ड काढतो, शिक्का मारतो, पुस्तक सरकवतो. बारा वर्षं झाली. आज डॉक्टरांनी म्हटलं तेव्हा क्षणभर मला पुस्तकच आठवलं.

घरी आलो तेव्हा जयवंता भाकरी थापत होती. “उशीर काहून झाला?” म्हणाली. मीटिंग होती म्हटलं. रिपोर्ट लग्नातल्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. कोट ट्रंकेत तळाशी असतो, कोणी काढत नाही.

पोळा झाला की आई गावाहून येणार आहे. ती महिनाभर राहून परत गेली की जयवंताला सांगीन.

९ सप्टेंबर

आई आली. नरखेडहून एस.टी.नं, बरोबर संत्रं एकही नाही (अजून बहार यायचा आहे) पण एक पुडकं आहे. तिकडच्या कोण्या वैद्यानं दिलेलं. सकाळी अनशेपोटी उकळून प्यायचं. वासानं सगळी खोली कडू होते.

“पी वं जयवंते, नाक दाबून पी. चंपतच्या साळीले याच्यानंच राह्यलं,” आई म्हणाली. चंपत म्हणजे माझा मोठा भाऊ, गावचा संत्र्याचा बगीचा तोच पाहतो. त्याला चार मुलं.

जयवंता काढा प्याली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी वर्तमानपत्र वाचत होतो.

२१ सप्टेंबर

कॉलेजात कुटुंबनियोजनाचे फॉर्म आले. प्रत्येक कर्मचाऱ्यानं भरायचे. नाव, वय, आणि ‘जिवंत इश्यूंची संख्या’. दोनच्या वर असतील त्यांनी ऑपरेशनचं सर्टिफिकेट आणायचं, नाही तर पगार थांबेल असं सगळे बोलतात. ऑफिसात सगळ्यांची तोंडं उतरलेली. आमच्या ग्रंथालयाचा शिपाई भैयाजी, त्याला पाच आहेत. माझा फॉर्म पाहून म्हणाला, “शालिकरावजी, तुमचं बरं हाय. इश्यूच नाही त् भानगडच नाही.”

मी रकान्यात ‘निल’ लिहिलं. हात थांबला नाही.

१० ऑक्टोबर, रविवार

सकाळी इतवारीत गेलो होतो, पंख्याचा कंडेन्सर आणायला. परत आलो तर आंगणात खाटेवर ट्रंकेतलं सगळं पसरलेलं. पावसाळा झाला म्हणून जयवंतानं कपडे उन्हात घातले होते. शालू, माझं जुनं स्वेटर, आणि तारेवर माझा कोट.

ती आत आहे हे पाहून खिसा चाचपला. कागद होता. मी चार घड्या घातल्या होत्या. आता दोनच होत्या. उन्हानं उलगडला असेल. आणि वाचला असता तरी काय? ती आठवीपर्यंत शिकलेली, इंग्रजी अक्षरं लावून लावून वाचते, अर्थ कळत नाही. उगाच घाबरलो.

११ ऑक्टोबर

जयवंता दुपारी बाईडॉक्टरकडे जाऊन आली म्हणे. डोकं दुखत होतं. आता बरं वाटतं का विचारलं, तर नुसती मान हलवली. जेवताना माझ्या वरणावर तूप दोनदा वाढलं. एकदा वाढल्याचं विसरली असावी.

१२ ऑक्टोबर

आज काढ्याची आठवण आईला करून द्यावी लागली नाही. जयवंतानं आपणहून उकळला, आईसमोर बसून प्याली. तोंडही वाकडं केलं नाही. आई खूष आहे. म्हणते, आता लागू पडन.

१४ नोव्हेंबर

आई अजून गेलेली नाही. दिवाळी इथेच केली. म्हणजे सांगायचं राहून गेलं.

आज आई देवळात गेली होती तेव्हा जयवंता माझ्याजवळ येऊन बसली. अशी ती दिवसा बसत नाही.

“आयकता का? भिवापूरच्या माह्या बहिणीले तिसरीही पोरगीच झाली. थे देते म्हणते. आपण आणू तिले.”

“आईला चालणार नाही.”

“मायले मी समजावीन. माह्यातच खोट हाय असं सांगू. साऱ्याईले तेच सांगू. तुमाले कोणी काही म्हणणार नाही.”

मला भरून आलं. बिचारी स्वतःलाच दोष देत बसली आहे. मी म्हटलं, “असं काही मनात आणू नकोस. देव देईल.”

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग “बरं” म्हणून उठली.

आईजवळ विषय काढून पाहिला. ती म्हणाली, लोकाच्या पोट्टीले आपला बगीचा? मी वाढवलं नाही. माझ्या मनातही होतंच, की पोरगी आणली म्हणजे आपण हरलो असं कबूल करणं. हे लिहिताना लाज वाटते, पण मनात होतं.

१८ जानेवारी १९७७

भैयाजीनं ऑपरेशन करून घेतलं. आठ दिवसांनी कामावर आला तो काउंटरच्या मागे स्टुलावर बसूनच राहिला. मी चहा आणवला. म्हणाला, “पाच पोट्टे हायेत, अजून नोकोच होते. पण मले असं वाटून राह्यलं की मी माणूसच नाही आता. बायकोकडे पाहाची लाज वाटते. असं असते काय हो?”

माझ्या ओठांवर आलं होतं. भैयाजी, मीही तसाच आहे, आणि मला एकही नाही. तेवढ्यात दोन मुली कार्डं घेऊन आल्या. मी शिक्का उचलला.

२ फेब्रुवारी

या महिन्यात मासिकांची स्मरणपत्रं पाठवायचं काम. न आलेल्या अंकांसाठी छापील इंग्रजी नमुना आहे, त्यात फक्त नाव आणि महिना भरायचा: सदर इश्यू आम्हास अद्याप मिळालेला नाही, तरी त्वरित पाठवावा. चोवीस पत्रं टाइप केली. अकराव्या पत्रावर उठून तोंड धुऊन आलो.

घरी आईनं विषय स्पष्टच काढला. जयवंता मोरीत भांडी घासत होती, तिला ऐकू जाईल असं.

“आठ-नऊ सालं झाले. किती वाट पाहाची? मी मेली का तुह्या वाट्याच्या बगीच्यात चंपतचे पोट्टे नांगर घालतीन. दुसरी कर गा.”

“कायद्यानं होत नाही आई. नोकरी जाईल.”

“मंग हिले सोडचिठ्ठी दे. तिले खायाले तिच्या भावाचं घर हाय.”

भांड्यांचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

मी ‘पाहू’ म्हणालो. नाही म्हणायला हवं होतं. कारण सांगायला हवं होतं. पण आईसमोर ते शब्द कोणत्या भाषेत बोलू? मराठीत म्हटलं तर शिवी होते. इंग्रजीत म्हटलं तर तिला कळत नाही.

२७ फेब्रुवारी

जयवंतानं आपणच सांगितलं की ती भिवापूरला जाणार. कोणी ढकललं नाही. तिथं महिला मंडळाची बालवाडी निघाली आहे, बाई पाहिजे आहेत. भावानं पत्र पाठवलं होतं म्हणे. मला दाखवलं नाही.

आई म्हणाली, “समजदार हाय पोरगी.” काल शिव्या देत होती, आज तिनं लाडवांचा डबा भरून दिला.

६ मार्च, रविवार

इतवारी स्टेशनवर सोडायला गेलो. भिवापूरकडे जाणारी छोटी गाडी. एक पेटी, एक वळकटी. शहरभर निवडणुकीचे भोंगे लागले होते, बोललेलं ऐकू येत नव्हतं.

गाडी हलायला वेळ होता. ती डब्यात बसली, मी खाली खिडकीशी. आवाज जरा कमी झाला तेव्हा म्हणाली, “तुमाले काही सांगाचं हाय का मले?”

“काय सांगू? पोचल्याचं पत्र टाक.”

“आणखी काही?”

“तब्येतीला जप. भावाजवळ जास्त बोलू नको.”

“आणखी?”

मी म्हटलं, आणखी काय. ती हसल्यासारखी झाली. पदर नीट केला आणि दुसरीकडे पाहू लागली. गाडी सुटली तेव्हा हात हलवला, पण तिनं पाहिलं नाही.

तीन वेळा काय विचारत होती कोण जाणे. मी तिला थांब म्हणावं अशी अपेक्षा असेल. मी म्हणणार होतो, खरंच. गाडी सुटल्यावर तोंडातून निघालंही.

१९ मे

सुट्ट्या. ग्रंथालयात मी आणि भैयाजी. उन्हानं रस्ता ओस. मोठा इंग्रजी शब्दकोश काढून इश्यू पाहिला. अर्धा रकाना भरला आहे. बाहेर पडणं. बाहेर पडायची वाट. उगम. अंक. वाटप. वादाचा मुद्दा. परिणाम, शेवट. अपत्य. जखमेतून येणारा पू, तोही. एवढे अर्थ, आणि सगळ्यांच्या तळाशी एकच, आतलं बाहेर येणं.

शब्दकोश जागेवर ठेवला. धूळ पुसली.

जयवंताचं पत्र येत नाही. पोचल्याचंही आलं नव्हतं.

१७ एप्रिल १९७८

जवळजवळ वर्षभर या डायरीत काही नाही. छापील तारखा खोडून लिहितो आहे. काय लिहू? मी हातानं स्वयंपाक करायला शिकलो. आई येते, जाते. दोघांनी वर्षभर वेगळं राहिलं आणि दोघं राजी असले तर आता कोर्ट मोकळं करतं, असा कायदा झाला आहे. वर्ष झालं.

आज वकिलाच्या घरी गेलो. जयवंता भावाबरोबर आली होती. वाळली आहे, पण चेहरा शांत. अर्ज इंग्रजीत टाइप केलेला. मुनशी तिच्यासाठी मराठीत वाचत होता आणि मी इंग्रजी ओळींवरून नजर फिरवत होतो. सातव्या परिच्छेदात आलं. इंग्रजीत ‘नो इश्यू’. मुनशीनं वाचलं, सदर विवाहापासून उभयतांस अपत्य नाही.

“कोणामुळं नाही, थे लिवत नाहीत का?” जयवंतानं विचारलं.

वकील हसले. “त्याची जरूर नसते बाई. दोघं राजी आहात ना? मग कोर्टापुढे तो इश्यूच नाही.”

ती माझ्याकडे वळली. भाऊही माझ्याकडे पाहू लागला. मी चष्मा पुसत होतो. “बरं,” ती म्हणाली आणि सही केली. जयवंता, मोठ्या गोल अक्षरांत.

मला हायसं वाटलं. तिनं भांडण काढलं असतं तर कठीण गेलं असतं.

जाताना पायऱ्यांवर तिला म्हटलं, चहा घेऊन जा. म्हणाली, “गाडी हाय.”

६ नोव्हेंबर १९७८

झालं. जज्जसाहेबांनी तिला विचारलं, तुमच्यावर कोणाचा दाब नाही ना? नाही म्हणाली. मला विचारलं, मीही नाही म्हणालो. आमच्या आधीच्या आणि नंतरच्या प्रकरणालाच जास्त वेळ लागला.

आई बाहेर बाकावर बसली होती. जयवंता बाहेर आली आणि वाकून आईच्या पाया पडली. आई गोंधळली. आशीर्वाद काय द्यावा तिला सुचेना. “सुखी राह्य,” म्हणाली आणि पदरानं नाक पुसू लागली.

२ डिसेंबर

आईनं मुलगी पाहून ठेवली आहे. काटोलकडच्या वामनरावांची गोपिका. वीस वर्षांची. माझं वय सदतीस. त्यांचा संत्र्याचा बगीचा लहानसा, मुली चार. आई मला घेऊन गेली. मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन आली तेव्हा चमचा बशीवर वाजत होता. वामनराव साधा माणूस. म्हणाले, “नोकरीवाला जवाई भेटून राह्यला, आमाले आणखी काय पायजे? पैल्या बाईले काही झालं नाही म्हणते ना? आमच्या घरी त् साऱ्याईले भरपूर हायेत.”

सगळे हसले. गोपिका खाली पाहून हसली.

मी हसलो. हे लिहायला हवं. मीही हसलो.

११ डिसेंबर

झोप नाही. रोज डोळ्यांपुढे गोपिका नाक दाबून काढा पिते आहे. आई पाठीवरून हात फिरवते आहे. मी वर्तमानपत्र वाचतो आहे. लग्नाच्या सुपारीचा दिवस याच महिन्यात धरायचा आहे.

जयवंताला सांगायला हवं. आधी तिला. ती काय म्हणेल? शिव्या देईल. देऊ दे. कदाचित रडेल, कदाचित म्हणेल, आता तरी सांगितलं.

१७ डिसेंबर, रविवार

भिवापूरला जाऊन आलो.

स्टँडपासून तिच्या भावाच्या घरापर्यंत दोन्हीकडे मिरची वाळत घातलेली. लालच लाल. मला ठसका लागून डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्यामुळे दारात मी रडत आलो असंच सगळ्यांना वाटलं. भावानं काही न बोलता बालवाडीकडे बोट दाखवलं. रविवार होता, पण मिरची तोडायला गेलेल्या बायांची लेकरं तिच्याजवळ होती. सतरंजीवर ओळीनं झोपलेली. ती उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडत होती.

मी उभ्याउभ्याच सांगितलं. डॉक्टरकडे केव्हा गेलो, काय म्हणाले, रिपोर्टात काय आहे. रिपोर्ट खिशात होता, तो काढून पुढे केला. तिनं घेतला नाही.

“मालूम हाय मले.”

मला वाटलं नीट ऐकू आलं नाही.

“मालूम हाय. पुष्कळ दिवस झाले.”

“केव्हापासून?”

“आता त्याचं काय करता?”

“मग बोलली का नाहीस? आईला सांगायचं. मला म्हणायचं.”

“तुमी सांगान म्हणून वाट पाहून राह्यली होती. घरी पाह्यली, टेसनावर पाह्यली, वकिलाकडे पाह्यली. तुमच्या तोंडून पायजे होतं. माह्या तोंडून निघालं असतं त् तुमी कोणासमोर उभे राह्यले असते?” तिचा हात थांबला नव्हता, खडे बाजूला टाकत होती. “मले लेकरू नाही झालं याचं काही नाही. लोकं बोलले त्याचंही नाही. पण तुमच्या डोळ्यासमोर मी कोरडी ठरली अन् तुमी पाहत बसले.”

मी म्हटलं, “चल परत. पुन्हा लग्न करू. आईला मी सांगतो.”

ती पहिल्यांदा नीट माझ्याकडे पाहू लागली.

“वामनरावच्या पोरीले सांगतलं?”

तिच्यापर्यंत बातमी आली होती.

“नाही अजून. म्हटलं, आधी तुला—”

“मंग इथं कायले आले? मले सांगून काय होते आता? तिकडे जायाचं होतं.”

आत एक लेकरू उठून रडायला लागलं. ती सूप बाजूला ठेवून उठली. त्याला खांद्यावर घेऊन थोपटू लागली आणि माझ्याकडे पाठ करून फिरू लागली. मी थोडा वेळ थांबलो. तिनं वळून पाहिलं नाही. परत जाताना पाहिलं, तिच्या भावजयीनं घराच्या ओसरीवर चहा ठेवला होता, तो निवला होता.

तिला केव्हा कळलं असेल? गाडीत तोच विचार करत होतो. मी कोणाला बोललो नव्हतो.

२४ डिसेंबर, रविवार

आज वामनरावांकडे गेलो. आईला म्हटलं, सुपारीचं ठरवून येतो. ती म्हणाली, एकटा काहून, मी येतो. मी म्हटलं, नको.

त्यांनी मला बगीच्यातच नेलं. मृगाचा बहार लागला होता, फांद्यांना टेकू लावले होते. वामनराव उत्साहानं दाखवत होते, हे झाड यंदा पहिल्यांदा आलं, ते पाण्यानं जाणार होतं पण वाचलं. मी म्हटलं, बसू या. विहिरीच्या काठावर बसलो. त्यांनी सुपारी कातरायला घेतली.

मी सांगितलं. सरळ मराठीत सांगितलं. माझ्यात दोष आहे. मला मूल होणार नाही, कोणाशीही लग्न केलं तरी नाही. डॉक्टरांचा कागद आहे.

पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मधे गोपिका पाण्याचा तांब्या घेऊन आली होती, ती अर्ध्या वाटेवर थांबली, तांब्या एका झाडाच्या बुंध्याशी ठेवून परत गेली. तो वेळ धरूनही पाच मिनिटं नाही.

वामनरावांचा अडकित्ता उघडाच राहिला होता.

“मंग त्या पैल्या बाईले कायच्यासाठी सोडलं?”

“याच्यासाठीच.”

“तिले मालूम होतं?”

“होतं. मला माहीत नव्हतं की तिला माहीत आहे.”

त्यांनी ते समजून घ्यायचा प्रयत्न केला. मग मान हलवली, समजलं म्हणून नाही, सोडून दिलं म्हणून.

ते मला स्टँडपर्यंत पोचवायला आले. गाडीला पाऊण तास होता. तेवढा वेळ माझ्या शेजारी उभे राहिले. गाडी आली तेव्हा म्हणाले, “माह्या पोरीले वाचवलं तुमी. भला माणूस म्हणावं वाटते तुमाले. पण म्हणता येत नाही, शालिकराव.”

घरी पोचलो तर आई दारातच. “काय म्हणे? कोन्ता दिवस धरला?”

चप्पल काढली, हातपाय धुतले आणि तिला सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना आणखी कमी वेळ लागला.

आई उठली. तिनं रस्त्याकडची खिडकी लावली, कडी घातली. मग म्हणाली, “हळू बोल, बाप्पा.”

२७ डिसेंबर

तीन दिवस आई माझ्याशी बोलली नाही. स्वयंपाक केला, वाढलं, तुळशीला पाणी घातलं. आज मी कॉलेजातून आलो तेव्हा तांदळाचा डबा मांडीवर घेऊन बसली होती.

“वामनराव कोणाले सांगणार त् नाही?”

“माहीत नाही.”

“नाही सांगणार. त्याच्याही पोरीचं नाव हाय.” मग म्हणाली, “काटोल-नरखेडकडे आता नोको. वर्ध्याकडे पाहू. तिकडे आपल्याले कोणी वयखत नाही. गरिबाची पोरगी राहीन, काही म्हणणार नाही. नाही झालं लेकरू त् तिचं नशीब म्हणू.”

“नाही,” मी म्हणालो.

“हळू.”

“नाही, आई. आता कोणाचीच पोरगी नाही.” मी हळू बोललो नाही. शेजारच्या घरातला रेडिओ बंद झाला.

मला वाटलं ती चिडेल. ती चिडली नाही. डबा खाली ठेवला, आणि तिचा चेहरा हळूहळू असा झाला की मी तो कधी पाहिला नव्हता, बाबा गेले तेव्हाही नाही.

“एवढं बोलता येत होतं तुले,” ती म्हणाली, “मंग त्या पोरीले काहून जाऊ देल्लं गा?”

ती उत्तरासाठी माझ्या तोंडाकडे पाहत थांबली. बाहेर अंधार पडला, दिवा लावायची वेळ टळून गेली, तरी आम्ही दोघं तसेच बसून होतो.